तिसरा प्रश्न

तिसरा प्रश्न वाचून संपायच्या आतच तिच्या हातानं त्रिकोण काढला, पायावर बिंदू दिला आणि डाव्या बाजूपलीकडे त्याचं प्रतिबिंबही मांडलं. उजवीकडचं काढताना पेन्सिल थांबली. तिनं प्रश्न पुन्हा वाचला, शब्दाशब्दावर बोट ठेवून. त्रिकोणाच्या पायावर एक बिंदू सरकतो आहे. उरलेल्या दोन्ही बाजूंमध्ये त्याची प्रतिबिंबं पडतात. त्या प्रतिबिंबांमधलं अंतर कमीत कमी केव्हा होईल?

शिरोबिंदूपासून टाकलेल्या लंबाच्या पायाशी तो बिंदू आला की. तिला ठाऊक होतं, कारण गेल्या रविवारी आत्यानं जेवणाच्या टेबलावर तिच्याकडून हेच गणित करून घेतलं होतं. फक्त अक्षरं वेगळी होती. उत्तर आलं तरी आत्याचं समाधान झालं नव्हतं. “कारणांसकट लिही. बिंदू आणि त्याची दोन्ही प्रतिबिंबं शिरोबिंदूपासून सारख्याच अंतरावर का, तेही लिही. गृहीत धरू नकोस.”

आत्या कॉलेजात गणित शिकवायची आणि दरवर्षी संघनिवडीच्या या स्पर्धेचा पेपर काढणाऱ्या समितीत असायची. यंदा भाची बसणार म्हणून तिनं समिती सोडली होती. निदान सगळ्यांना तसं सांगितलं तरी होतं. बाबांनी ते चारचौघांत मिरवलं होतं, “माझी बहीण आहे. सुतासारखी सरळ!”

शेजारच्या बाकावरची मुलगी कपाळाला हात लावून बसली होती. तिची आकृती तीनतीनदा खोडून कागद फाटायला आला होता.

तिच्याकडे बघत भाचीनं आपल्या त्रिकोणावर एक आडवी रेघ मारली आणि पान उलटलं.

पेपर सुटला तेव्हा आत्या फाटकाशीच उभी होती. पाण्याची बाटली पुढे करत म्हणाली,

“काय कर्कटक, तिसरं पूर्ण लिहिलंस ना?”

कंपासपेटीतल्या कर्कटकासारखे पाय लांब आणि जीभ टोकदार, म्हणून घरात सगळे तिला कर्कटकच म्हणत. ती घोटभर पाणी प्यायली. झाकण सावकाश लावलं.

“तिसरं कोणतं, आत्या?”

आत्याचा बाटलीकडे गेलेला हात तसाच राहिला.

“तू समिती सोडलीच नव्हतीस.”

“हळू बोल.” आत्यानं इकडेतिकडे पाहिलं. “मागच्या वर्षी निवड हुकली तेव्हा तू अन्नाला शिवत नव्हतीस. मला बघवलं नाही गं. आणि तसंही तुला येतच होतं की ते!”

“येत होतं, तर मग दाखवलंस कशाला?”

आत्यानं तिच्या हातातली बाटली घेऊन पिशवीत टाकली.

“खोडलंय मी ते,” ती म्हणाली आणि चालू लागली. आत्या चपला फरफटत मागून येत राहिली. घरी बाबांनी विचारलं तेव्हा दोघींनी एकच सांगितलं, एक प्रश्न राहिला.

निकाल लागला आणि संघात तिचं नाव आलं. बाबांनी सगळं घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी आत्या आली, तिला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि दार लोटून घेतलं. आत्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

“बघ! त्या तिसऱ्याशिवाय आलीस. तुझी तू, स्वतःच्या बळावर.”

परीक्षेपासून हेच शब्द कुणीतरी म्हणावेत असं तिला वाटत होतं. ती हसणारही होती. तेवढ्यात तिला पाचवा प्रश्न आठवला. वर्तुळ, तिरकी जीवा, आणि ती जीवा आरसा मानून वर्तुळाचा एक कंस पलीकडे उलटवायचा. ही युक्ती तिला हॉलमध्ये बसल्या जागी सुचली होती. कुठून सुचली, याचा तिनं तेव्हा विचारच केला नव्हता. सुट्टीभर त्या टेबलावर दोघींनी किती जीवा उलटवल्या होत्या!

“आत्या, पाचवा प्रश्न कुणी काढला होता?”

बाहेरून बाबांनी दोघींना हाक मारली. आत्यानं नळ सोडला आणि ओट्यावरचा धुतलेला कप पुन्हा विसळायला घेतला.