पानातली साखर

माझा स्वभाव हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. एकदा न्हाई म्हटलं की न्हाई! म्हणून तर आमच्या पाऊण एकर टोमॅटोवर औषधाचा एक थेंब पडला नव्हता.

पण शेजारच्या गोरक्षनाथभाऊंचा प्लॉट चार दिवसांत पार गेला. पांढरी माशी आली, पानं वळली, झाडं खुजी झाली. तेव्हापासून मला घास गोड लागेना. शेवटी आमचे हे, सम्राट, काष्टीहून सुनील फवारणीवाल्याला घेऊनच आले.

"शुभांगे, काढ तुझं ते साखर मोजायचं मशीन. पानातली साखर आठाच्या वर असली की झाड धडधाकट, माशी काय करत न्हाई, असं तूच म्हणती ना? आठाच्या खाली आली तर आत्ताच्या आत्ता फवारा. मग कुरकुर न्हाई."

"व्हय, बघाच तुमी!"

मी ड्रमात झाडांना घालायचं जीवामृत कालवत होते. तसाच पदराला हात पुसला, पानं चुरगाळून चिमटीत पिळली, दोन थेंब काचेवर सोडले आणि मशीन उजेडाकडं धरून डोळा लावला. निळी रेघ बारावर.

"बारा!" मी ओरडलेच. ह्यांनीही डोळा लावून खात्री केली. सुनीलनं पंप गाडीवर टाकला आणि दुसऱ्या गावच्या कामाला निघून गेला.

तो गेल्यावर ओठावरचा घाम पुसला, तर बोट गोड लागलं. टोमॅटोच्या पानाचा रस कधी गोड लागतो का? अगं बाई! जीवामृतातला गूळ मीच हातानं कुस्करला होता. ती साखर पानातली नव्हती, माझ्या बोटांची होती.

हात साबणानं घासले, काच धुतली, नवी पानं पिळली. चार. दुसऱ्या सरीत चार. तिसरीत साडेतीन. पान उलटं केलं, तर खालून पांढरे ठिपके भुर्रकन उडाले.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? सगळी झाडं वळल्यावर नशिबाला बोल लावून मोकळी झाले असते. हे मनात आलंच, खोटं कशाला बोलू? पण त्या झाडांनी माझं काय घोडं मारलं होतं?

"अहो," मी बांधावरून हाक मारली. "चुकले मी. गुळाचे हात होते. चारच हाय."

ह्यांनी सुनीलला फोन लावला. तो म्हणाला, आता परवाच जमेल. फोन खिशात टाकून हे माझ्याकडं वळले.

"लग्नाला अकरा वर्षं झाली. 'चुकले' हे आज पहिल्यांदा ऐकतोय."

"चिडा की मग!"

"चिडून माशी मरती व्हय?" त्यांनी एक वळायला लागलेलं झाड मुळासकट उपटून गोणीत कोंबलं. "रोगट तेवढी काढू, बाकीच्यांना लागाय नको. तू त्या टोकाकडनं धर."

मी लावलेली झाडं मीच उपटत निघाले. डोळ्यांना धार लागली होती. अर्धी सरी झाल्यावर राहवेना.

"अहो, बाकीची टिकतील का परवापर्यंत?"

"आज तू मला इचारतीस?" ते म्हणाले. "उपट."