पट्टीवरची अर्धी वाक्यं

इंदुबाईंनी जन्मात कधी वाक्य अर्धं सोडलं नाही, स्वतःचं नाही आणि दुसऱ्याचंही नाही. समोरच्यानं "अहो, ते आपलं…" एवढं म्हणावं, की पुढचं त्या बोलून मोकळ्या. वऱ्हाडातून लग्न होऊन खडकीत आल्या तेव्हा आजूबाजूच्या बायका त्यांच्या बोलण्याला हसायच्या. वर्षभरात ते हसणं बंद झालं. इंदुबाईंच्या तोंडाला कोण लागणार?

सून रुपाली दिवाळीच्या तोंडावर डेंगीनं गेली. काल ताप, आज दवाखाना, उद्या तिरडी. मागे राहिला इंदुबाईंचा मुलगा दिग्विजय, खराडीच्या कंपनीत रात्रपाळी करणारा, आणि तिसरीतली नात सृष्टी. घरात रुपालीचं नाव काढायचं नाही, असा इंदुबाईंचा हुकूम सुटला. पोरीच्या जिवाला घोर नको. दिग्विजय आईपुढं कधी बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही.

हळूहळू सृष्टीही बोलायची थांबली. वाण्यानं विचारलं, "काय पाहिजे गं?" की इंदुबाई म्हणायच्या, "तूरडाळ दे, मागच्यासारखी खड्याची नको." शेजारणीनं विचारलं, "शाळा काय म्हणते?" की इंदुबाई म्हणायच्या, "चांगलं म्हणते, तुमच्या नातवाचं बघा." पोरगी नुसती पदराला धरून उभी.

मग शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका पद्मजा मॅडम पेठेतल्या, बोलायला हळू, पण सुई हळूच टोचते तशा. त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या मांडल्या. एकीवर लिहिलं होतं, 'मला पाऊस आवडतो, कारण…' दुसरीवर, 'शाळेतून घरी गेल्यावर मी…' पुढं सगळं कोरं. इंदुबाईंना अक्षर लावून लावून वाचता येत होतं, तेवढं त्यांनी वाचलं.

"अर्धवट लिहून ठेवायचा पगार मिळतो का हो मॅडम?"

"पूर्ण बोलायला तुम्ही आहात ना आजी," मॅडम म्हणाल्या. "ज्या मुलाला सुरुवात सापडत नाही, त्याला सुरुवात मी देते. पुढचं त्यानं आणायचं. जमायला लागलं की पट्टी थोडी थोडी कापते. शेवटी पट्टी नसते आणि मूल बोलत असतं."

"म्हणजे पांगुळगाडा."

"अगदी बरोबर. सृष्टीला मी गाडा देते. पण घरी तुम्ही तिला कडेवरून खाली उतरवतच नाही."

इंदुबाईंच्या जिभेवर उत्तर होतं, पण खिडकीतून सृष्टी दिसत होती. मैदानात पोरं दंगा घालत होती आणि ही भिंतीला टेकून उभी होती. उत्तर त्यांनी गिळलं.

पालकांना बोलवायचा दिवस ठरला. विषय होता 'माझ्या घरातलं माणूस'. मॅडमनी मुलांना सांगितलं होतं, की घरात त्या माणसाबद्दल काय बोलतात ते कान देऊन ऐका आणि तेच येऊन सांगा. इंदुबाईंना मॅडमनी वेगळं बजावलं, "ती कितीही वेळ गप्प राहिली तरी तुम्ही बोलायचं नाही. त्या दिवशी बोलली तर पुढंही बोलेल."

घरातलं माणूस म्हणजे आपल्याशिवाय दुसरं कोण असणार? इंदुबाईंनी ठेवणीतलं इरकल नेसलं आणि पुढच्या बाकावर बसल्या.

सृष्टीची पाळी आली. मॅडमनी तिच्यासमोर पट्टी धरली. रोज थोडी थोडी कापत आणलेली, इतर मुलांच्या पट्ट्यांपेक्षा तोकडी, तिच्यावर एकच शब्द, 'माझी'. सृष्टी पट्टीकडं बघत राहिली. मागून कुणी कुजबुजलं, "आई नाही तिला, कशी बोलणार बिचारी." इंदुबाईंनी पदराचं टोक दातात धरलं. 'माझी आजी' म्हण की गं, एवढं सोपं आहे. सगळं वाक्य त्यांच्या घशात येऊन बसलं होतं. त्यांनी ते बाहेर येऊ दिलं नाही. दुसऱ्याचं वाक्य अर्धं राहू दिलं, आयुष्यात पहिल्यांदा.

"माझी आई," सृष्टी म्हणाली.

मॅडमनी मान हलवली आणि थांबल्या.

"माझ्या आईला भाकरी येत नाही. तिची भाकरी करपते." सृष्टीचा आवाज चढला, खणखणीत झाला. "माझी आई चार बुकं शिकली, म्हणून तिला माज आहे. माझ्या आईचा पाय घरात ठरत नाही. माझ्या आईच्या माहेरच्यांनी तिला काहीच वळण लावलं नाही."

पोरं खिदळली. पालक एकमेकांकडं बघायला लागले. सृष्टीला त्याचं काही नव्हतं. अडखळली नव्हती, सगळी वाक्यं पूर्ण आली होती. शाबासकीसाठी तिनं आजीकडं पाहिलं. एकेक शब्द आजीचा होता. सूरही आजीचाच, हात कमरेवर ठेवायची ढबसुद्धा.

"छान, पूर्ण बोललीस," मॅडम हलकेच म्हणाल्या. "बस बाळा."

घरी जाताना कारखान्याचा भोंगा झाला. भोंगा थांबल्यावर इंदुबाई म्हणाल्या, "हेच काऊन सांगितलंस गं?"

"घरात बोलतात तेच सांगायचं होतं. आता कुणी आईचं बोलतच नाही. मग मी आधीचं आठवलं. चुकलं का?"

"नाही, माय. चुकलं नाही."

संध्याकाळी त्यांनी तवा ठेवला, पीठ मळलं आणि सृष्टीला जवळ बसवलं. आज पोरीला दुसरं वाक्य द्यायचं, असं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. द्यायला काय कमी होतं? त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रुपालीनं न चुकता औषधाचे थेंब घातले होते. पोरीची वेणी घालताना ती गुणगुणायची. इंदुबाई माजघरात पडल्या पडल्या ऐकायच्या आणि झोपेचं सोंग घ्यायच्या. सगळं पाहिलं होतं, पण तोंडानं कधी म्हटलं नव्हतं, ना तिच्यासमोर, ना तिच्यामागं.

"तुझी आई…" त्या म्हणाल्या.

पुढचं येईना. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, पुन्हा म्हणाल्या, "तुझी आई…" ज्या जिभेनं साऱ्या आळीला गप्प केलं, ती जागची हलेना.

सृष्टी आजीच्या तोंडाकडं बघत होती. मग तिनं हाताची दोन बोटं ताणून पट्टीसारखी आजीसमोर धरली, मॅडम धरतात तशी, आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझी आई जेवताना…"

इंदुबाईंनी भाकरी उलटली.

"तुझी आई जेवताना," त्या म्हणाल्या, "करपलेली भाकरी आपल्या ताटात घ्यायची. चांगली मला वाढायची."

सृष्टीनं मान हलवली. बोटं थोडी आखडून घेतली, पट्टी लहान केली.

"तुझी आई…"

इंदुबाईंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. डोळ्यांतलं पाणी परातीतल्या पिठात पडलं, त्यांनी ते पुसलंही नाही. तव्यावरच्या भाकरीला काळे डाग पडायला लागले, वास सुटला. सृष्टीनं बोटं तशीच धरली होती. तिनं घाई केली नाही.