ओडेलमामाची वाकडी धून

लर्लीन मेसरच्या गुडघ्यांनी अखेर राजीनामा दिला आणि सटन्स कोव्ह या डोंगरातल्या गावाचा क्लॉगिंगचा, म्हणजे बूट आपटत नाचायचा, संघ नेल्डा रॅथबोनच्या गळ्यात पडला. गळ्यात पडला असंच म्हणायला हवं, कारण तिला कोणी निवडलं नव्हतं. लर्लीनने फायर स्टेशनच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "कोण सांभाळतंय आता?" आणि बाकीचे सगळे एकदम बुटांच्या नाड्या बांधायला वाकले. नेल्डाच्या नाड्या आधीच बांधून झाल्या होत्या.

नाचायचं म्हणाल तर नेल्डा चालायला लागली तेव्हापासून नाचत होती. बुटांच्या तळाला ठोकलेल्या पत्र्या ती लाकडी फळ्यांवर अशा काही वाजवायची की गॅरेजमधून बंब धुणारी पोरं डोकावून जात. पण नाचणं वेगळं आणि नाच बसवणं वेगळं. आजवर लर्लीनने सांगायचं आणि हिने करायचं, असंच चालत आलेलं. त्यातून संघात माणसं उरली होती आठ. चार जोड्या असल्या तर चौकोन उभा राहतो, एक जोडी गेली की संपलं. आणि नेमकी मार्ला आणि ड्वाइट या नवराबायकोला खालच्या गावातल्या मोठ्या संघाचं बोलावणं आलं होतं.

मार्ला तोंडावर बोलणारी बाई. तिने आडपडदा ठेवला नाही. "जत्रेपर्यंत आहोत आम्ही. तू काय बसवतेस ते बघू, मग ठरवू."

म्हणजे ऑक्टोबरच्या जत्रेतल्या स्पर्धेत नाच पडला की संघ गेला. हे नेल्डाला कोणी वेगळं समजावायची गरज नव्हती.

आधी संगीत ठरवायचं होतं. त्यावर ज्याला त्याला मत होतं. संघातली सगळ्यात लहान शेल्बी रेडिओवरची गाणी घेऊन आली. "मिस नेल्डा, हे ऐका तरी! पोरं उठून नाचतील." ड्वाइटला लर्लीनच्या वेळची जुनी रेकॉर्ड हवी होती, कारण ती पाठ होती आणि त्याला नवीन काही पाठ करायचा मनापासून कंटाळा होता. नेल्डाने सगळं ऐकलं. कामावर जाताना ट्रकमध्ये ऐकलं, कपड्यांना इस्त्री करताना ऐकलं. गाणी बरी होती. पण पाय म्हणून हलेना.

रविवारी चर्चनंतर ती ओडेलमामाकडे जेवायला गेली. मामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ, ऐंशीला टेकलेला. जेवण झालं की ओसरीवर खुर्ची ओढून फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायची, ही त्याची जन्माची सवय. त्या दिवशी त्याने आपल्या बापाची एक धून काढली. नेल्डा आत बश्या विसळत होती. बशी विसळता विसळता तिचे पाय आपोआप सुरू झाले, आणि तिने ओल्या हातानेच फोन काढून धून भरून घेतली.

पुढचे दोन आठवडे नाच स्वयंपाकघरात तयार झाला. शेगडीवर घेवड्याच्या बिया शिजत असायच्या, ओव्हनमध्ये मक्याचा पाव, आणि मोजे घालून ही बया टाच घासतेय, पंजा आपटतेय, गिरकी घेतेय. एकदा बिया करपल्या. तिला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही, इतकी ती खूश होती. हे आपल्याला येतंय की, असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

हॉलमध्ये मात्र त्या नाचाचा पार विचका झाला.

पहिला तुकडा संपला की कोणी पुढे, कोणी मागे. शेल्बी ड्वाइटवर आपटली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नेल्डा चिडली. "अरे, कान आहेत की भोकं? ऐका ना जरा!"

"ऐकतोय गं बाई," ड्वाइट म्हणाला, "तू मोठ्याने मोज बघू."

तिने मोजायला सुरुवात केली. आठ मात्रा झाल्या, पुन्हा आठ झाल्या, तुकडा संपायला हवा होता. पण फिडल संपली नव्हती. आणखी दोन मात्रा ती तिथेच रेंगाळली आणि मग कुठे पुढे गेली. नेल्डाने परत लावून पाहिलं. दर वेळी तिथेच, तेवढ्याच दोन. या डोंगरात अशा धुनेला वाकडी धून म्हणतात. आणि नेल्डा पाळण्यात असल्यापासून ती ऐकत आलेली, त्यामुळे तिच्या पायांना तो वाकडेपणा कधी कळलाच नव्हता. पाय आपसूक थांबत होते. बाकीचे सात जण मात्र हिशेबाने बरोबर नाचून चुकत होते.

"म्हणजे वाकड्या धुनेवर सरळ नाच बसवलास तू?" मार्ला हसली. हसणं वाईट नव्हतं, पण नेल्डाला ते झोंबलं. "त्या दुसऱ्या संघात सगळं रेकॉर्डवर असतं. कसं, हायवेसारखं सरळ."

दुसऱ्या दिवशी नेल्डा मामाकडे गेली. "मामा, ती धून सरळ करून दे ना. फक्त त्या दोन मात्रा काढ."

"काढ म्हणजे? धून आहे की दाढ?"

"मामा, माझा संघ जातोय रे."

तिचा आवाज ऐकून म्हाताऱ्याने फिडल उचलली. त्याने तीनदा वाजवून पाहिलं. तिन्हीदा गज त्याच जागी अडला. चौथ्यांदा कसाबसा सरळ गेला, पण धून अगदी फिक्की झाली, मीठ विसरलेल्या कालवणासारखी. दोघांनाही ते कळलं.

"आजोबा असं का वाजवायचे रे?" नेल्डाने विचारलं.

"मला काय ठाऊक? बापाला कोण विचारणार होतं?" मामा कुरकुरला. मग फिडल पेटीत ठेवता ठेवता म्हणाला, "तिथे आला की मान वर करायचा तो. नाचणाऱ्यांकडे एक नजर टाकायचा आणि मग पुढे."

नेल्डा घरी जाताना त्या एका नजरेचाच विचार करत राहिली.

मंगळवारी तिने संघाला सांगितलं, "त्या दोन मात्रांत नाचायचं नाही. पाय थांबवायचे, मान वर, आणि जोडीदाराच्या डोळ्यांत बघायचं. बस."

"डोळ्यांत?" ड्वाइट दचकला. "परीक्षकांकडे बघून दात काढायचे असतात गं."

"परीक्षकांकडे नाही, मार्लाकडे."

बिचारे लाजून लाल झाले. लग्नाला वीस वर्षं झालेली, पण पहिल्या वेळी दोघंही छताकडे बघत बसले. दुसऱ्यांदा मार्लाला हसू आवरेना. तिसऱ्यांदा त्यांनी खरंच एकमेकांकडे पाहिलं, आणि पुढचं पाऊल आठही जणांचं एकदम पडलं. फळ्या दणाणल्या. शेल्बी नुसती ओरडली. मार्ला एवढंच म्हणाली, "पुन्हा लाव," आणि नेल्डाला तेवढंच पुष्कळ वाटलं.

जत्रेच्या दिवशी धून फोनवरून नाही, मामा स्वतः वाजवणार होता. मंचाच्या कडेला तो स्वच्छ पांढरा शर्ट घालून खुर्चीवर बसला. धून सुरू झाली. पावलं झकास पडत होती. पहिला तुकडा संपत आला, सगळ्यांनी पाय थांबवले, माना वर केल्या, आणि फिडल थांबलीच नाही. तरातरा पुढे निघून गेली.

मामाने धून सरळ केली होती! तिथे थांबायचं ठरलंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. भाचीचा संघ वाचावा म्हणून म्हाताऱ्याने घरी एकट्याने घासून घासून ती बसवली होती, आणि तिला चकित करायचं म्हणून तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

 नेल्डाने वर पाहिलं. सातही जण तिच्याकडे बघत होते. परीक्षकांकडे कोणी बघत नव्हतं, पायांकडेही नाही, पळायच्या वाटेकडेही नाही. मार्लासुद्धा, मान किंचित पुढे काढून, आता काय करायचं ते तिच्याकडूनच कळेल अशा खात्रीने थांबली होती.

नेल्डाने टाच दाणकन आपटली आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं ओरडली, "मामा! आपलीच वाजव! वाकडी!"

लोक खो-खो हसले. मामाचा गज क्षणभर हवेत राहिला. मग म्हाताऱ्याच्या तोंडभर हसू पसरलं आणि त्याने धून मुळापासून उचलली. या वेळी ती दोन मात्रा रेंगाळली. आठ जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांचे पाय एकदम खाली आले. मंचासमोर कोणाचीतरी आजी काठी टेकून उठली आणि ठेका धरू लागली.

बक्षीस मिळालं नाही. मध्येच थांबल्याचे गुण कापले गेले, आणि नेल्डाला त्यात काही चूक दिसली नाही. ती ट्रकच्या मागच्या फळीवर बसून बूट काढत होती. मार्ला आपल्याकडेच येतेय हे तिने पाहिलं. निरोप आला तर काय म्हणायचं ते तिने मनात तयार ठेवलं होतं. कटू काही बोलायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही.

मार्ला तिच्याशेजारी धपकन बसली आणि नेल्डाच्या ग्लासातला थंडगार गोड चहा न विचारता पिऊन टाकला.

"मंगळवारी सरावाला आम्हाला थोडा उशीर होईल हं," ती म्हणाली. "ड्वाइटच्या आईला डॉक्टरकडे न्यायचंय. तुम्ही सुरू करा."

नेल्डाने मान हलवली. मग तिने रिकामा ग्लास मार्लाच्या हातातून घेतला, आणि रडायचं नाही असं ठरवलेलं असूनही तिथेच, सगळ्यांसमोर, पोटभर रडून घेतलं.