ओटीतलं लॉकेट

अमेरिकेत अ‍ॅशबर्नमधल्या नीलांबरीकाकूंच्या बेसमेंटमध्ये त्या रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यापाशी बुटांचा ढीग लागला होता आणि पडद्यावर एक निळा अणू गरगर फिरत होता. समोर बसलेली माणसं अडाणी नव्हती. पुण्या-नागपूरकडून आलेले इंजिनिअर होते, कुणी क्लाउडवाला, कुणी डेटाबेसवाला. अंगारा पुढे केला असता तर ही मंडळी हसत उठून गेली असती. पण इथे अंगारा नव्हता, मीटर होतं.

आरोग्याची लॉकेटं विकायला आलेल्या गिरीशजींनी ते मीटर काकूंच्या तळहातावर धरलं. आकडा जेमतेम दोन अंकी. मग त्यांनी तळहातावर एक काळं, नाण्याएवढं लॉकेट ठेवलं. आकडा भराभरा चढत हजारांत गेला. "वॉव," सगळे एकदम म्हणाले.

"अणूमध्ये काय असतं?" गिरीशजींनी विचारलं. "पोकळी! मध्ये इवलंसं केंद्रक, लांब कुठेतरी इलेक्ट्रॉन, बाकी सगळं रिकामं. म्हणजे तुम्ही रिकामे, मी रिकामा आणि तुमचा आजारही रिकामा! आता सांगा, इलेक्ट्रॉन कधी सापडतो?"

"बघितला की," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग आजारही बघितला की सापडतो. बघता कशाला? हे क्वांटम लॉकेट घाला, फील्ड बदला!"

टाळ्या पडल्या. एवढी सगळी पोकळीच असताना आपल्याला मांडी घालायला जागा का मिळत नाही, हे सुलेखाला विचारावंसं वाटलं. ती जवळच्याच हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवत होती आणि धाकटा भाऊ विक्रम आग्रहाने घेऊन आला म्हणून आली होती. विक्रमची बायको रुचा पुढे बसली होती, सहाव्या महिन्याचं पोट सांभाळत.

गिरीशजींनी तिलाच बोलावलं. गुलाबी पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ हातात दिला. रुचाने फुंकलं, आणि बघता बघता रंग उडाला. "हे शरीरातलं टॉक्सिन," ते गंभीरपणे म्हणाले. मग तिच्या गळ्यात लॉकेट घालून दुसरा ग्लास दिला. रुचा फुंकत राहिली, रंग गुलाबीच राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

परतताना गाडीत विक्रमने विचारलं, "ताई, हाउ डिड ही डू दॅट?"

"श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल होतं. त्या पाण्यात एक दर्शक रसायन असतं; सोडा असला की ते गुलाबी दिसतं, आम्लाने सोडा मारला की रंग उडतो. नववीच्या पोरांना मी हेच दाखवते. दुसऱ्या ग्लासात सोडा भरपूर घातला असणार."

"आणि मीटर?"

"बॅटरी आणि एक बटण."

"मग लॉकेट?"

"दगड आहे रे. घालू दे तिला, बरं वाटत असेल तर."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या भिंती मागे पडत होत्या. काचा बंद असूनही त्यांची घरघर आत येत होती. खोटं म्हणजे निरुपद्रवी, असं सुलेखाने धरलं होतं. पुढचं सगळं या एका गृहीतकातून झालं.

काही आठवड्यांनी विक्रमचा फोन आला. त्याचा आवाज दबलेला होता. "ताई, रुचाने थायरॉइडची गोळी बंद केलीय. गिरीशजी म्हणे, केमिकलने फील्ड डिस्टर्ब होतं. शी इज नॉट लिसनिंग."

पोटातल्या बाळाचा मेंदू घडतो तो आईच्या हार्मोनच्या आधारावरही. सुलेखाने लगेच रुचाला फोन लावला.

"ताई, मी कुणाच्या शब्दावर गेलेली नाही," रुचा शांतपणे म्हणाली. "माझं कामच टेस्टिंगचं. मीटर मी स्वतः हातात धरलं, चारदा रीडिंग घेतलं. आणि गेल्या वेळी गोळी घेतच होते ना? तरी बाळ राहिलं नाही."

रविवारी रुचाचं डोहाळजेवण होतं आणि गिरीशजींना आमंत्रण होतं. शुक्रवारी सुलेखाने किरणोत्सर्ग मोजणारा शाळेतला गायगर काउंटर पिशवीत टाकला. बेत साधा होता. सगळ्यांसमोर लॉकेटला काउंटर लावायचा, खोलीत असते तेवढीच तुरळक टिकटिक ऐकवायची आणि त्यातून कसलीच एनर्जी निघत नाही, दगड दगड आहे हे सिद्ध करायचं.

विक्रमच्या दिवाणखान्यात झोपाळा फुलांनी मढवला होता. हिरवी साडी आणि फुलांचे दागिने घातलेली रुचा झोपाळ्यावर बसली होती. दाराशी टेबलावर रिटर्न गिफ्टच्या मखमली पुरचुंड्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीत एक लॉकेट. लहान मुलांसाठी छोटी लॉकेटं वेगळी, ती मुलांनी आल्याआल्या गळ्यात घातली होती. नीलांबरीकाकूंनी ओटी भरली: खण, नारळ, तांदूळ आणि वर गिरीशजींनी स्वतः ठेवलेलं एक मोठं लॉकेट. ते रुचाच्या पोटाला टेकून राहिलं.

"एक मिनिट, काकू," सुलेखा म्हणाली आणि तिने काउंटर सुरू केला. टिक... टिक. ती ओटीवर वाकली.

काउंटर तडतडला. पातेल्यात मोहरी तडतडावी तसा, आणि मग टिकटिक इतकी दाट झाली की वेगळी ऐकू येईना. तिने काउंटर मागे घेतला, पुन्हा जवळ नेला. चूक नव्हती.

गिरीशजींचा चेहरा उजळला. "बघा! माझं नाही, शाळेचं मशीन आहे. सायन्सनेच सिद्ध केलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "अगं सुलेखा," गळ्यात लॉकेट घातलेले प्रल्हादकाका हसत म्हणाले, "आलीस खोटं पाडायला आणि प्रूफ देऊन बसलीस की!"

"काका, हे काय मोजतं?"

"एनर्जी."

"कसली?"

काकांनी गिरीशजींकडे पाहिलं. रोज ऑफिसात डॅशबोर्डवरच्या आकड्याला दहा प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसांपैकी एकानेही हा प्रश्न अजून विचारलेला नव्हता. शेवटी सिद्धेश नावाचा एक तरुण सर्व्हर इंजिनिअर म्हणाला, "वेट यार. याचं युनिट काय आहे?"

"फुटलेले अणू," सुलेखा म्हणाली. "प्रत्येक टिक म्हणजे एका अणूचं केंद्रक फुटून बाहेर पडलेला कण किंवा किरण. या लॉकेटात बहुतेक थोरियम या किरणोत्सर्गी धातूची पूड आहे, अशी लॉकेटं आधीही सापडलीत. रुचा, ओटी खाली ठेव. आधी ती ठेव."

"निगेटिव्ह आयन आहेत ते," गिरीशजी गडबडीने म्हणाले. "आरोग्याला उत्तम!"

"आयन आहेतच. तो कण हवेतल्या अणूंना धडकतो, त्यांचे इलेक्ट्रॉन उडवतो. तुमचं मीटर तेच मोजतं. मला वाटलं होतं मीटर खोटं आहे. ते खरं आहे, म्हणून तर मी घाबरलेय. हवेतला इलेक्ट्रॉन उडवणारा कण कातडीतला सोडून देत नाही."

तिने लॉकेट टेबलावर ठेवलं, वर पोळ्या गुंडाळायची फॉइल ठेवली. आवाज उतरला. मग विक्रमकडून तवा मागवून तो मध्ये धरला. आवाज आणखी पातळ झाला, पण खोलीतल्यापेक्षा जास्तच राहिला.

"लोखंडातूनही येतंय," सिद्धेश पुटपुटला.

"यांच्या सगळ्या बोलण्यात क्वांटम हा एकच शब्द खरा होता," सुलेखा म्हणाली. "कुठला अणू कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही बघा किंवा बघू नका, मंत्र म्हणा, तव्यावर भाजा, त्याला फरक पडत नाही. यातलं निम्मं थोरियम संपायला विश्वाच्या वयाइतका काळ लागेल. तोवर हे असंच चालू."

"मी दहा वर्षं घालतोय!" गिरीशजींनी सदऱ्यातून स्वतःचं लॉकेट बाहेर काढलं. "मला काय झालं?"

सुलेखाने काउंटर त्यांच्या छातीशी नेला.

टिक... टिक.

रिकाम्या खोलीइतकीच. तिने काउंटर तिथेच धरून ठेवला. त्या छातीवर साधं काळं प्लॅस्टिक होतं, आणि ते प्लॅस्टिकच का आहे हे गिरीशजींना ठाऊक होतं.

"माझी पातळी वेगळी आहे," ते म्हणाले. "इथलं फील्ड निगेटिव्ह झालंय, मी निघतो." विक्रम दारात उभा राहिला. "यू कॅन गो. लॉकेटांची बॅग इथेच राहील."

नीलांबरीकाकू गळ्यातल्या लॉकेटचा दोरा सोडवू लागल्या, पण गाठ सुटत नव्हती. आया मुलांच्या माना चाचपू लागल्या. तेवढ्यात रुचा हळूच म्हणाली, "ताई, मी हे रात्री पाण्यात ठेवते. सकाळी ते पाणी पिते. तळाशी पांढरं काहीतरी असतं, ते ढवळून."

सुलेखाने डोळे मिटले. या किरणांपैकी सर्वांत जड कण साध्या कागदालाही अडतो. पण पूड पोटात गेली की मध्ये कागद उरत नाही.

"बाळाला काही होणार नाही ना?"

गिरीशजींनी या प्रश्नाचं उत्तर क्षणात दिलं असतं. सुलेखा म्हणाली, "मला माहीत नाही. चल, आत्ता हॉस्पिटलला जाऊ."

डॉक्टरांनी गोळी त्याच संध्याकाळी सुरू केली. बाहेरून लागलेल्या किरणांचा डोस बहुधा थोडा असेल, असं त्या म्हणाल्या. पाण्यातून काय गेलं ते तपासण्या सांगतील. गोळीविना गेलेले आठवडे मात्र भरून देता येणार नाहीत. बाळ जन्मलं की त्याचं रक्त पाहायचं, आणि नंतरही पाहत राहायचं.

किरणोत्सर्गाचं काम पाहणारे राज्याचे अधिकारी येऊन बॅग घेऊन गेले. लॅबने थोरियमच असल्याचं कळवलं. घरोघरची लॉकेटं लोकांनी आणून दिली, पण सगळी नाहीत. प्रल्हादकाका म्हणाले, माझं हरवलं. बोलताना त्यांचा हात शर्टाच्या वरच्या बटणावर होता.

आकडा दाखवणाऱ्या माणसाला आधी एवढंच विचारावं: हे काय मोजतं, आणि ते वाढणं चांगलं कशावरून? उत्तर दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं. तोवर ती वस्तू अंगावर चढवू नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी तर मुळीच सोडू नये. डिग्री असलेल्यांनी हे जास्तच कसोशीने करावं, कारण त्यांना अंगाऱ्याने नाही, आकड्याने फसवतात. या गोष्टीतल्या साऱ्यांना प्रश्न विचारता येत होता. तो उशिरा विचारला गेला, आणि रुचाचं बाळ अजून जन्मायचं आहे.