कोऱ्या फॉर्मवरची सही

“सही तुमचीच आहे ना, बाई?” मुख्याध्यापक खेडेकर सरांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि चहाची बशी तोंडाला लावली.

सही यमुनाबाईंचीच होती. वर मात्र सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘कु. जनी महिपत घवाळी दहावीच्या परीक्षेस असमर्थ. यंदा फॉर्म भरू नये, ही शिफारस.’

“हे मी लिहिलेलं नाही, सर.”

“खाली सही आहे ना? आणि परीक्षेच्या फॉर्मची मुदत कालच संपली.”

यमुनाबाई अंध मुलांच्या फिरत्या शिक्षिका. रत्नागिरीहून सकाळच्या एसटीनं निघायचं, रोज एक खाजगी शाळा. खांद्याला ब्रेलच्या पाट्यांची आणि जाड कागदांची पिशवी. “बाई, दगड भरलेत की काय यात?” असं कंडक्टर दर खेपेला विचारायचा आणि तरी पिशवी वर चढवून द्यायचा. गुरुवार तिठ्यावरच्या या शाळेचा. इथं जनी पाचवीत आली, त्याला हे सहावं वर्ष. भूमितीचे त्रिकोण बाईंनी तिला फळीवर खिळे ठोकून, सुतळी ताणून शिकवले. दहावी झाली की मुंबईला टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स. तिच्या बापानं, महिपतनं, जागासुद्धा विचारून ठेवली होती. दहावी नाही तर पुढचं काहीच नाही.

आणि हे खेडेकर! दोन शाळांनी दार लावलं तेव्हा हेच म्हणाले होते, “पोर आपलीच आहे.” बाईंना तेव्हा देवमाणूस भेटल्यासारखं वाटलं होतं. दर गॅदरिंगला सर जनीला स्टेजवर उभं करून वाचायला लावत, तिच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढून घेत. बाईंचा महिन्याचा अहवाल अखेरच्या तारखेला जायला हवा, आणि ती तारीख गुरुवारी थोडीच येते! गणपतीच्या सुट्टीआधी सरच म्हणाले, “एका कागदासाठी एसटीचे धक्के कशाला खाता? अहवालाचे चार फॉर्म सही करून ठेवा. तुम्ही सांगाल ते मी भरीन.” केवढी ती आपुलकी! बाईंनी चारही कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकल्या आणि वर त्यांचे आभार मानले.

“का केलंत असं?” बाईंनी विचारलं.

“गेल्या साली एकामुळे शंभर टक्के निकाल हुकला. संस्थेची माणसं डोक्यावर बसलीत. पुढच्या वर्षी बघू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मनाला लावून घेऊ नका म्हणे! ती बशी उचलून भिंतीवर आपटावी, असं बाईंना वाटलं. पण हात उठेना. मेल्यानं गळा कापला होता, आणि सुरी आपणच धार लावून त्याच्या हातात दिली होती.

बाहेर पायरीवर जनी बसली होती. शेजारी तिची आई, सोनूबाई. बाई दिसताच सोनूबाई धडपडत उठली.

“बाय, सर म्हनतत, तुमीच लिवून दिलाव. खोटा हाय ना ता?”

सोनूबाईला वाचता येत नव्हतं, जनीला दिसत नव्हतं. सही माझी नाही म्हटलं असतं तर दोघींनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता.

“सही माझीच आहे,” बाई म्हणाल्या. “वरचं माझं नाही. मी कोऱ्या कागदावर सही करून दिली होती.”

जनी हळूच म्हणाली, “तुम्हीच शिकवलंत ना बाई, कुणीही असो, कागद वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही?”

बाई पायरीवर बसल्या. पिशवी मांडीवर घेऊन, फॉर्म उशिरा का होईना घ्यावा, असा जनीच्या आणि स्वतःच्या सहीचा अर्ज त्यांनी तिथंच लिहायला घेतला. कोऱ्या फॉर्मवर सही केल्याची आपली चूकही त्यात लिहिली. नोकरी गेली तर गेली. संध्याकाळच्या आत तो रत्नागिरीच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत पोचला, तर काही हलण्याची थोडी आशा होती. अर्ज त्यांनी जनीला वाचून दाखवला आणि सहीच्या जागेवर पुठ्ठ्याची खाच ठेवली. त्या खाचेत पेन सरळ चालवायला त्यांनीच तिला शिकवलं होतं.

जनीनं पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही.

“पुन्हा वाचा, बाई.”

सहा वर्षांत तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. तिठ्यावर रत्नागिरीची एसटी येऊन थांबली; कचेरीच्या वेळेत पोचवणारी हीच. कंडक्टरनं बाईंना पाहून हाक मारली.

बाईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून, एकेका शब्दावर थांबत, अर्ज पुन्हा वाचायला सुरुवात केली. एसटी निघून गेली.

“सगळं वाचलंत?” जनीनं विचारलं. “मधलं काही सोडलं नाही ना?”