देवीदास सरांचा बांबू

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे. बारा फूट लांब, आतून पोकळ आणि एका टोकाला तार गुंडाळलेला. अकोल्याच्या एका कॉलेजात पोहण्याच्या तलावाकाठी मी सध्या राहतो. माझ्याकडे बघून तुम्हाला वाटेल, हा फार तर जळमटं काढायच्या कामाचा. तेही मी केलं आहे, पण ते पुढे सांगतो.

माझा जन्म मेळघाटातला. तिथून तोडून आणल्यावर अमरावतीत एका बुरडाच्या दारात मी उभा होतो. माझ्या नशिबी एक तर शिडी होणं होतं, नाही तर टोपल्या. तेवढ्यात देवीदास सर आले. ते अमरावतीच्याच एका कॉलेजात पोहणं आणि वॉटर पोलो शिकवायचे. त्यांनी मला हातावर तोललं आणि एका सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून मला आडवं धरून निघाले. रस्त्यातली माणसं आम्हाला काय काय म्हणाली, ते इथे सांगण्यासारखं नाही. घरी नेऊन सरांनी माझं एकेक पेर चाकूनं तासलं आणि मला जवसाचं तेल पाजलं. कुणाच्या तळव्यात माझं बारीक कुसळही शिरू नये, ही त्यांची काळजी होती.

नवशिकी मुलं पाण्यात उतरली की सर काठानं चालत आणि माझं टोक त्यांच्या हातापुढे वीतभर धरत. दमलेलं पोर मला धरायला हात टाकी, आणि सर मला हळूच आणखी वीतभर मागे घेत. "धरू नोको, फकत पाह्य," असं म्हणत. पोर चिडे, नाकातोंडात पाणी जाई, पण माझ्या मागे मागे येत तलाव पार करी. सरांनी ही रीत उगाच धरली नव्हती. लहानपणी आपल्या गावी, तेल्हाऱ्याच्या विहिरीत, मामांनी त्यांच्या पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवलं होतं. एके दिवशी मामांनी न सांगताच भोपळ्याची दोरी सोडली, आणि पलीकडच्या पायरीला हात लागल्यावर सरांना ते कळलं. आधार काढायचा तो असाच, हे त्यांनी तेव्हापासून मनाशी धरलं होतं.

वॉटर पोलोच्या मुलींना मात्र मला धरावंच लागे. पाय तळाला टेकणार नाहीत अशा खोल पाण्यात तिघींनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचं आणि नुसत्या पायांनी पाणी ढवळत उभं राहायचं. माझं टोक जरा पाण्याला लागलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्या मुलींनी मनात मला किती शिव्या दिल्या असतील, देव जाणे. पण विद्यापीठाच्या संघात निवड झाली तेव्हा त्यांनीच माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. सर म्हणाले, या तलावाला कोच दोन आहेत, त्यातला शहाणा हा. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी फुगलो होतो.

त्याच संघात प्रणाली होती. तेल्हाऱ्याच्या पंजाबरावांची मुलगी, संघाची गोलकीपर. गावात मुलीला पोहायला पाठवतो म्हणून पंजाबरावांना लोक नावं ठेवत. सर आपल्याच गावचे, एवढ्या भरवशावर त्यांनी तिला पाठवलं होतं.

स्पर्धा चार दिवसांवर आल्या होत्या. सकाळच्या सरावात शेवटच्या फेरीला सर मला प्रणालीच्या हातापुढे धरून काठानं चालत होते, तेव्हा तिच्या पोटरीत गोळा आला. तिनं मला धरायला हात टाकला. सरांना वाटलं, दमली. त्यांनी मला वीतभर मागे घेतलं. तिनं पुन्हा हात टाकला, आणि सवयीनं त्यांचं मनगट पुन्हा मागे गेलं. मला तिचे डोळे दिसत होते, पण सर तिचा हात बघत होते. तिसऱ्यांदा हात वर आलाच नाही. तेव्हा मला फेकून सरांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली.

प्रणाली वाचली. दोन दिवस ती दवाखान्यात होती. पंजाबराव तलावावर आले आणि हात जोडून म्हणाले, "सर, पोरगी तुमी वाचवली."

"बुडवली बी मीच होती, भाऊ," सर म्हणाले.

पंजाबराव त्यांच्याजवळ बसले. कुणीच सरांना दोष दिला नाही, आणि तेच त्यांना फार लागलं.

पंधरा दिवसांनी प्रणाली पाण्यात परतली. सरही येत, काठावरून शिट्टी वाजवत, पण मला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. नवशिक्यांना शिकवायचं काम त्यांनी दुसऱ्यावर सोपवलं. मी सामानाच्या खोलीत गेलो. कुणी माझ्यानं जळमटं काढली, कुणी माझ्यावर ओले टॉवेल वाळवले. माझं एक टोक फुटलं, तेव्हा कुणीतरी त्याला तार गुंडाळली. अशी नऊ वर्षं गेली.

सरांच्या निरोप समारंभाला सगळ्यांनी शाल-श्रीफळ आणलं. प्रणाली तोवर अकोल्यात कोच झाली होती. तिनं काही आणलं नाही, उलट मागितलं. "सर, तो बांबू मले द्या."

"जाळून टाक तो," सर म्हणाले.

"त्या दिवशी तुमचं चुकलं, सर. मी नाई म्हनत नाई. पन त्या एका चुकीपाई तुमी नऊ वर्स कोनाले हातच देला नाई."

सरांनी सामानाच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली. ती मला पिकअप गाडीला बांधून अकोल्याला घेऊन आली.

उन्हाळी वर्गाला तिनं सरांना बोलावलं आणि काही न विचारता मला त्यांच्या हातात दिलं. पाण्यात करिश्मा होती, जठारपेठेत भाजी विकणाऱ्या गोदाबाईंची नात, नऊ वर्षांची. सर मला तिच्या हातापुढे वीतभर धरून काठानं चालू लागले. अर्ध्या तलावात करिश्मा दमली आणि तिचा हात वर आला. जित्याची खोड, सरांचं मनगट मागे वळू लागलेलं मला कळलं. मग ते थांबलं. सरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला पुढे केलं.

"धर, माय," ते म्हणाले.

तिनं मला घट्ट धरलं. ती खोकली, चार श्वास घेतले. सरांचे डोळे वाहत होते, पण ते पुसायला त्यांचा हात रिकामा नव्हता. मग करिश्मानं पलीकडच्या काठाकडे पाहिलं आणि आपणच मला सोडलं.

"आता घ्या मांगं, सर," ती म्हणाली.

मित्रांनो, मला उन्हात टाकू नका, वर्षातून एकदा तेल पाजा, एवढं तर मी मागणारच. पण दुसरी विनंती मोठी आहे. कुणाला काही शिकवाल तेव्हा त्याच्या हाताकडे नको, तोंडाकडे बघा. बुडणारा धरायला आला तर धरू द्या. आणि तो आपणहून "मागं घ्या" म्हणाला, की वीतभर मागे घ्यायला विसरू नका.