बाहेरून लागणारी कडी

"तिला सहीपुरतं बोलावलंय. बोलायला लावू नका, म्हणजे मिळवलं."

मोठे डॉक्टर माझ्यावर हात टेकवून सोबतच्या अधिकाऱ्याला हे म्हणाले आणि दोघे आत गेले. व्हरांड्याच्या वळणावर ती उभी होती. तिने ऐकलं, हे त्यांना कळलं नाही. मला कळलं.

मी या मनोरुग्णालयातल्या एका दाराची कडी. माझ्याबरोबर घडलेल्या बहिणी न्हाणीघरांना, निजायच्या खोल्यांना आतून लागल्या. त्यांच्या जिवावर माणसं निर्धास्त झोपतात. माझ्या वाट्याला बाहेरची बाजू आली. बिथरलेल्या पेशंटला आत ढकलायचं आणि मला सरकवायचं. 'त्याच्याच भल्यासाठी' हे मी इतक्यांदा ऐकलंय की गंजायलाही मला जागा उरली नाही.

तीही याच खोलीत होती, लग्नाआधी. पहिल्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडली. मग गप्प राहायला शिकली. त्यालाच इथे 'सुधारणा' म्हणतात.

पुढे खोलीला रंग दिला, मध्ये टेबल आलं, सुधारणा समितीच्या बैठका भरू लागल्या. मला कुणी काढलं नाही, नुसतं रंगवलं. आज नव्या इमारतीचा नकाशा मंजूर व्हायचा होता. त्यातल्या खोल्यांनाही कड्या बाहेरूनच होत्या. आणि इथे राहून गेलेल्या एकाची तरी सही लागणार, असा नियम होता.

"जमेल ना?" नवऱ्याने तिला हळूच विचारलं. "नाहीतर परत फिरू. घरी सांगू, बस चुकली."

"तुझ्या आईला पटेलही ते," ती म्हणाली. त्याला खाली थांबायला सांगून, माझ्याकडे न बघता ती आत गेली. मला बघायचं टाळणारी माणसं मी लगेच ओळखते.

वॉर्डातल्या मावशी चहा ठेवून बाहेर आल्या, दार ओढलं आणि मला सरकवलं. जन्माची सवय. हाताने केलं, डोक्याला पत्ताही नाही. चपला फरफटत त्या निघून गेल्या.

माझा आवाज आत तिने एकटीनेच ओळखला. तिने कपबशी टेबलावर ठेवल्याचं मला ऐकू आलं.

जरा वेळाने कुणीतरी दार ओढून पाहिलं. "लागलंय वाटतं. अहो मावशी!"

आधी हसले. मग हाका मारल्या. मग हसणं थांबलं.

"माझा जीव गुदमरतोय. कोण आहे तिकडे? उघडा," मोठे डॉक्टर मुठी आपटू लागले. मी थरथरले, पण मला आपणहून सरकता येत नाही. येत असतं, तर केव्हाच सरकले असते.

तेवढ्यात तिचा आवाज आला. कापरा, पण दारापलीकडे स्पष्ट ऐकू येणारा.

"ओरडू नका, डॉक्टर. ओरडणाऱ्याला इथे जास्त वेळ ठेवतात. खाली बसा. मावशी कपबश्या न्यायला येतील, तेव्हा दार उघडेल. तोवर नकाशातल्या कड्या खोडा. त्याशिवाय मी सही करणार नाही."